इंजिन माउंटला तडा का जातो, आणि तो कसा सापडतो

चार सिलिंडरचं विमानाचं इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असतं, तेव्हा त्यात दर सेकंदाला ८० वेळा इंधन पेटतं. तासाभराच्या उड्डाणात हे हिसके होतात २ लाख ८८ हजार. प्रत्येक हिसका पुढच्या पंख्याला (प्रोपेलरला) एका दिशेने ढकलतो आणि इंजिनाला उलट दिशेने पिळतो. इंजिनाच्या आधारांत बसवलेले रबरी तुकडे, म्हणजे बुश, त्यातलं बरंच काही पचवतात. उरलेलं सगळं येतं पोलादी नळ्या जोडून केलेल्या एका चौकटीवर. हेच इंजिन माउंट. घरी बांधलेल्या विमानांत हमखास दिसणारं लायकॉमिंग ओ-३२० हे इंजिन सुमारे ११० किलोचं आहे, आणि त्याला पेलणाऱ्या नळ्यांच्या भिंतीची जाडी बऱ्याचदा जेमतेम ०.९ ते १.२५ मिलिमीटर असते. काही रचनांमध्ये पुढचं चाकही याच चौकटीला जोडलेलं असतं, म्हणजे उतरतानाचा दणकाही तिलाच.

एवढ्या पातळ नळ्या पुरतात, कारण एकेका हिसक्याचा जोर नळी तोडण्याच्या मानाने फारच कमी असतो. पण तोच जोर पुन्हा पुन्हा बसला तर गोष्ट बदलते. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभियंता ऑगस्ट व्योलर याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं की धातू एका झटक्यात तुटणार नाही अशा भारानेही, तो लाखो वेळा दिला तर, तुटतो. हाच धातूचा थकवा. गुळगुळीत पोलादाच्या बाबतीत एक दिलासा असतो: ठरावीक ताणाच्या खाली ते जवळजवळ कितीही हेलकावे सोसतं. वेल्डिंगच्या सांध्यावर मात्र हा दिलासा धरून चालता येत नाही. वेल्डचा उंचवटा जिथे संपून नळी सुरू होते, तिथे आकार एकदम बदलतो आणि ताण एकवटतो. त्यातच वेल्ड थंड होताना आकसतो, त्याची ओढ सांध्यात कायमची राहते. शिवाय माउंटसाठी वापरलं जाणारं ४१३० हे क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद भराभर थंड झालं तर वेल्डच्या शेजारची पट्टी कडक आणि ठिसूळ होते. तडा बहुतेक वेळा इथेच जन्मतो, वेल्डच्या कडेला, आणि कडेकडेने नळीभोवती सरकत जातो. आधी फार सावकाश. मग शाबूत धातू जसजसा कमी उरतो, तसतसा झपाट्याने.

म्हणून शोध नळीच्या मधोमध नाही, सांध्यांवर घ्यायचा. काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, उतरवा, तेल आणि काजळी पूर्ण पुसून काढा, आणि टॉर्च समोरून न मारता जवळजवळ नळीला टेकवून, आडवी धरा. तिरप्या उजेडात भेगेची एक कड चमकते आणि दुसरी सावलीत जाते. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि मागची बाजू पाहायला दांड्याचा छोटा आरसा हवाच. रंगावर वेल्डच्या कडेने धावणारी केसाएवढी रेघ, तिच्यातून झिरपलेला तांबूस डाग, किंवा तेलात कालवल्यासारखी दिसणारी तपकिरी पूड: भेगेच्या दोन कडा एकमेकींवर घासल्या की गंजाची अशी पूड बाहेर येते. यातलं काहीही दिसलं तर ‘रंग तडकला असेल’ म्हणून पुढे जायचं नाही. रंग काढायचा आणि खालचा धातू पाहायचा. माझं ठाम मत आहे की माउंटला फिकट रंगाचा पातळ थरच द्यावा. जाड पावडर कोटिंग दिसतं देखणं, पण ते लवचीक असतं. खालची नळी तडकली तरी वर काही काळ अखंड राहू शकतं.

शंका पक्की करायला दोन चाचण्या आहेत. पहिली डाय पेनिट्रंटची. स्वच्छ धातूवर लाल द्रव लावून थांबायचं, बहुधा १० ते ३० मिनिटं. तो भेगेत शिरतो. वरचा पुसून पांढरी भुकटी फवारली की भेगेतला द्रव वर शोषला जातो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. इथे एक घात होतो: रंग काढायला सँडब्लास्टिंग केलं, तर वाळूच्या माऱ्याने धातू दबून भेगेचं तोंडच मिटतं आणि चाचणी खोटा निर्वाळा देते. रंग रसायनानेच उतरवावा. दुसरी चाचणी चुंबकीय कणांची. पोलाद चुंबकित केलं की भेगेपाशी चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडतं आणि लोखंडी कण तिथे गोळा होतात. क्षेत्र भेगेला आडवं जायला हवं, म्हणून चाचणी दोन दिशांनी करतात. नंतर माउंटमधलं चुंबकत्व घालवणं विसरू नये. एरवी होकायंत्र चुकतं आणि दुरुस्तीच्या वेळी विजेच्या वेल्डिंगचा आर्कही भरकटतो.

तडा सापडल्यावर भेगेच्या टोकाला भोक पाडून वेळ मारून नेणं माउंटच्या नळीला चालत नाही. वरून वेल्डचा एक थर ओढणं तर त्याहून वाईट, कारण भेग खाली तशीच राहते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शिकेत यावरचे उपाय दिले आहेत. सांधा पुन्हा वेल्ड करायचा तर जुनं वेल्ड आधी संपूर्ण काढायचं. नळीच खराब झाली असेल तर तो भाग कापून, उरलेल्या बुंध्यावर बसेल अशी जरा मोठ्या व्यासाची नळी चढवायची. तिचं टोक सरळ न कापता माशाच्या जबड्यासारखं कापतात. सरळ कापलं तर नळीभोवती एकाच रेषेत वेल्ड येतो, ताठरपणा तिथे एकदम बदलतो आणि पुढचा तडा नेमका त्याच रेषेवर जातो; जबड्यासारख्या कापाने तो बदल लांबीवर पसरतो. वेल्ड छान दिसावा म्हणून कानशीने घासू नये, त्याने सांधा बारीक होतो. पाण्याने किंवा वाऱ्याने थंड करू नये.

कापण्याआधी माउंट भक्कम जिगवर, म्हणजे माप हलू न देणाऱ्या साच्यावर, सगळ्या बोल्टांच्या जागी आवळलेलं हवं. बऱ्याच विमानांत इंजिन मुद्दाम अंश-दोन अंश कललेलं असतं. आकसणाऱ्या वेल्डने ते माप बिघडलं, तर विमान उडताना एका बाजूला ओढतं, आणि वाकडं माउंट फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिटमधल्या आगरोधक भिंतीवर) जबरदस्तीने आवळलं तर सगळ्या सांध्यांत नवा ताण भरून बसतो. घरी विमान बांधणाऱ्याला हातातल्या वेल्डिंगचा अभिमान असतो, असायलाही हवा. पण माउंटची दुरुस्ती ४१३०च्या पातळ नळ्यांचा सराव असलेल्या वेल्डरकडूनच करून घ्यावी.

आणि दुरुस्तीच्या आधी, तडा गेला कशाने ते शोधावं. पंख्याचं संतुलन तपासा. रबरी बुश बसून कडक झालेत का पाहा, कारण मग हिसके थेट नळीवर येतात. एखादा बोल्ट ढिला असेल तर त्याचा भार शेजारच्या सांध्यांवर गेलेला असतो. कुठे एक्झॉस्ट नळीला टेकतो आहे, कुठे वायर बांधायचा प्लास्टिकचा बंद धूळ धरून नळीला करवतीसारखा कापतो आहे, ते बघा. असा एक ओरखडासुद्धा नव्या तड्याला पुरतो. जोरात उतरल्यानंतर तपासणी केली होती का, ते आठवा. कारण सापडलं नाही, तर दुरुस्त माउंट पहिल्या काही तासांच्या उड्डाणांनंतर पुन्हा उघडून, त्याच तिरप्या उजेडात, दुरुस्त सांध्याइतकंच त्याच्या समोरच्या सांध्याकडेही पाहावं लागतं. भार आता तिकडे सरकलेला असू शकतो.