पूल (क्यूचा खेळ) : लोकप्रियता वाढतेय की घटतेय

पूल म्हणजे सहा पॉकेटच्या टेबलावर क्यूने, म्हणजे लांब काठीने, व्हाइट बॉल मारून बाकीचे बॉल पाडायचे, बिलियर्ड्स आणि स्नूकरच्या घराण्यातलाच खेळ, पण स्नूकरपेक्षा टेबल लहान, पॉकेट मोठी आणि नियम सोपे, त्यामुळे पहिल्याच दिवशी कुणालाही खेळता येतो. एट बॉल, नाइन बॉल, टेन बॉल आणि जुना स्ट्रेट पूल (यात कुठलाही बॉल पाडला की एक गुण) हे मुख्य प्रकार. हा खेळ आता संपत आला असं अमेरिकेत कितीतरी वेळा बोललं गेलंय आणि दर वेळी तो कुठून तरी परत वर आलाय. माझं मत सांगायचं तर घसरण झाली ती पूल हॉलची, खेळाची नाही, आणि या दोन गोष्टी एकच धरल्या की सगळा गोंधळ होतो.

नावापासूनच सुरुवात करू. पूल म्हणजे सगळ्यांनी मिळून लावलेली पैजेची रक्कम. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायच्या जागेला पूलरूम म्हणायचे, एक शर्यत झाली की दुसरीपर्यंत गिऱ्हाइकांनी उठून जाऊ नये म्हणून तिथं बिलियर्डची टेबलं टाकली, आणि हळूहळू ते नाव टेबलालाच चिकटलं. बदनामीही तिथूनच चिकटली. जुगार, दारू, रिकामटेकडी माणसं ही ओळख पुसायला या खेळाला शंभर वर्षं पुरली नाहीत, आणि पोरगा पूल खेळायला जातो म्हटलं की आईवडलांच्या कपाळाला आठी पडते ती आपल्याकडेही.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हा खेळ जोरात होता, राल्फ ग्रीनलीफसारखा चॅम्पियन तर नाटकाच्या स्टेजवर टेबल मांडून शॉट दाखवायचा. नंतर विली मॉस्कोनी आला, १९४१ ते १९५७ मध्ये तो स्ट्रेट पूलचा १५ वेळा वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि १९५४ मध्ये एका प्रदर्शनी सामन्यात त्याने एकही न चुकता सलग ५२६ बॉल पाडले. पण गंमत बघा, सगळ्यात मोठा खेळाडू टेबलावर होता त्याच काळात हॉल ओस पडायला लागले होते, कारण दुसऱ्या महायुद्धावरून परतलेली माणसं लग्न करून शहराबाहेरच्या घरांत राहायला गेली, संध्याकाळी टीव्हीसमोर बसायला लागली, आणि गावातल्या हॉलमध्ये जायचं कारणच उरलं नाही.

मग १९६१ मध्ये पॉल न्यूमनचा ‘द हसलर’ हा पूलवरचा सिनेमा आला, त्यात शॉट्ससाठी सल्लागार होता तोच मॉस्कोनी, आणि देशभर नवे हॉल उघडले. काही वर्षांत तीही लाट ओसरली. १९८६ मध्ये न्यूमनचाच ‘द कलर ऑफ मनी’ आला, परत लाट, या वेळी जरा पॉश हॉल, बायका आणि जोडपीही यायला लागली. दोन्ही वेळा गर्दी बाहेरून आली आणि बाहेरच गेली. टिकलं ते दुसरंच काहीतरी. १९७९ मध्ये दोन व्यावसायिक खेळाडूंनी हौशी लोकांची लीग सुरू केली, तीच पुढे अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन झाली, आणि तिची खरी ताकद हँडिकॅपमध्ये आहे, म्हणजे खेळाडूला त्याच्या कसबाप्रमाणे नंबर देतात, नंबर मोठा तितका खेळाडू तगडा. एट बॉलमध्ये सात नंबरचा खेळाडू दोन नंबरवाल्याशी खेळतो तेव्हा सात नंबरवाल्याला मॅचसाठी सात गेम जिंकावे लागतात, समोरच्याला दोन पुरतात. म्हणजे ऑफिस सुटल्यावर आठवड्यातून एकदा क्यू हातात घेणारा माणूससुद्धा पट्टीच्या खेळाडूला हरवू शकतो, आणि म्हणून पुढच्या आठवड्यात तो परत येतो. कुठलाही खेळ टिकवायचा असेल तर मधल्या माणसाला असं धरून ठेवावं लागतं, असं मला मनापासून वाटतं.

आता हॉल का बंद पडतात ते जरा हिशोब करून बघू. मोठ्या म्हणजे नऊ फुटी टेबलाचा खेळायचा पृष्ठभाग १०० बाय ५० इंच. क्यूची लांबी साधारण ५८ इंच. भिंतीला कोपर न लागता चारही बाजूंनी शॉट मारायचा तर दोन्हीकडे एकेक क्यूची जागा सोडावी लागते, म्हणजे १८ फूट बाय जवळपास १४ फूट, अडीचशे चौरस फूट, आणि तेवढ्या जागेत खेळणार दोन माणसं, तीही तासाच्या भाड्यावर, एक कोल्ड्रिंक दोघांत घेऊन. त्याच जागेत हॉटेलवाला तीन-चार टेबलं टाकून रात्रभरात किती पानं वाढेल याचा विचार करा. शहरातलं भाडं वाढलं की हा हिशोब जमत नाही, एवढं साधं कारण आहे. त्यात कॅलिफोर्नियात १९९८ पासून आणि न्यूयॉर्कमध्ये २००३ पासून बारमध्ये सिगारेट बंद झाली, तब्येतीसाठी ते चांगलंच झालं, पण तासन्‌तास बसणारं जुनं गिऱ्हाईक त्या वेळी नक्कीच तुटलं.

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट पबमध्ये घडली. तिथं लहान टेबल, लाल-पिवळे बॉल, नाणं टाकायचं की खाली खडखडाट होऊन बॉल बाहेर येतात. पडलेले बॉल पुढचं नाणं पडेपर्यंत आतच अडकून राहतात पण व्हाइट पडला तर तो मात्र परत येतो, कारण तिथं व्हाइट बाकीच्यांपेक्षा किंचित लहान असतो आणि आतल्या नळीत त्याची वाट वेगळी होते. कोपऱ्यातली ही टेबलं कित्येक पबनी काढून तिथं जेवायची टेबलं टाकली, आणि अनेक पब तर बंदच झाले.

आशियात चित्र वेगळं आहे. फिलिपिन्समध्ये एफ्रेन रेयेस लहानपणी मनिलात काकाच्या हॉलमध्ये वाढला, उंची पुरत नाही म्हणून कोकच्या खोक्यांवर उभा राहून खेळायचा, रात्री टेबलावरच झोपायचा. १९९६ मध्ये हाँगकाँगला अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध आधी १२० गेम जिंकायची मॅच त्याने १२०-११७ अशी मारली आणि एक लाख डॉलर घेतले, १९९९ मध्ये कार्डिफला नाइन बॉलचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. त्याच्यामुळे तिथं पूल घराघरांत पोचला. चीनमध्ये स्नूकरसारखी अरुंद पॉकेट ठेवून एट बॉलचा स्वतःचा प्रकार उभा राहिला, हेबॉल, आणि तो तिथं अफाट चालतो. व्हिएतनाममध्ये २०२३ पासून हनोई ओपन भरते. २०२४ मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप सौदीतल्या जेद्दाला गेली, एकूण बक्षीस दहा लाख डॉलर, आणि जिंकणाऱ्या फेडोर गोर्स्टला त्यातले अडीच लाख मिळाले. खेळाचा दर्जाही चढाच आहे, मॉस्कोनीचा सलग ५२६ बॉलचा आकडा ६५ वर्षं कुणाकडून हलला नव्हता, २०१९ मध्ये जॉन श्मिटने ६२६ केले आणि २०२२ मध्ये जेसन शॉ ७१४ वर गेला.

मोबाइलचं काय? मिनिक्लिप कंपनीचा एट बॉल पूल हा ऑनलाइन गेम २०१० मध्ये आला आणि आज टेबलाला कधी हात न लावलेल्या पोरालाही ब्लॅक म्हणजे आठ नंबरचा बॉल शेवटी पाडायचा असतो हे माहीत असतं. स्क्रीनवर नेमाची रेघ दिसते, हात थरथरत नाही, क्यूच्या टोकाला चॉक लावावा लागत नाही, त्यामुळे खरी क्यू हातात आली की ती पोरं पहिल्या दहा मिनिटांत गडबडतात, पण ती पार्लरपर्यंत आली हे महत्त्वाचं.

भारताचं या खेळांशी नातं जुनं. स्नूकर १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी शोधला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे पहिले भारतीय, आणि पंकज अडवाणीचा जन्मही पुण्यातलाच. पण बिलियर्ड्स-स्नूकर जिमखान्यांच्या आणि क्लबांच्या मेंबरशिपमागे राहिले, बाहेरच्या पोराला टेबल दिसलं ते पूलचंच, कॉलेजजवळच्या पार्लरमध्ये. कॅरमवर वाढलेल्या आपल्या पोरांना इथं फार शिकवावं लागत नाही, सोंगटीला कट कसा द्यायचा ते बोटांना माहीत असतं, आणि स्ट्रायकर गेला की दंड तसा व्हाइट गेला की फाउल हेही लगेच पटतं. अडचण असते ती टेबलाची. कापड घासून पांढरं पडलेलं, कुशन म्हणजे कडेच्या रबरी पट्ट्या मेलेल्या, क्यूची टीप म्हणजे टोकाचं चामडं गेलेलं, अशा टेबलावर महिनाभर खेळून हात बसेल कसा?

कोरोनात अमेरिकेत हॉल बंद झाले तेव्हा लोकांनी बेसमेंटमध्ये टेबलं घेतली, म्हणजे हॉल गेला तरी खेळ घरात राहिला. मुंबई-पुण्यात अडीचशे चौरस फूट म्हणजे कित्येक कुटुंबांचं अख्खं घर, तिथं टेबल ठेवणार कुठं, त्यामुळे इथं पार्लर बंद पडलं की त्या भागातला पूलच बंद पडतो.