बाटलीत मुरणारी रेड वाइन: सालीच्या रंगापासून तळाच्या गाळापर्यंत

लोणचे मुरते, मुरंबा मुरतो, तशी वाइनही मुरते असे आपण सहज म्हणून जातो. लोणच्यात मीठ फोडीच्या आत शिरते आणि फोडीतले पाणी बाहेर येते. बंद बाटलीतल्या वाइनमध्ये मात्र बाहेरून जवळजवळ काहीच येत नाही. तिथे आधीपासून विरघळलेले रेणूच एकमेकांशी जुळतात, तुटतात आणि पुन्हा वेगळ्या रीतीने जुळतात. म्हणूनच एखादी रेड वाइन दहा वर्षे टिकेल की दोन वर्षांत उतरेल, हे बऱ्याच अंशी द्राक्षे तोडतानाच ठरलेले असते.

नाशिक परिसरात, म्हणजे दिंडोरी, निफाड आणि गंगापूर धरणाच्या आसपास, ही तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. फ्रान्समध्ये ती सप्टेंबर-ऑक्टोबरात असते. आपल्याकडे वेलीला बर्फाळ हिवाळ्याची विश्रांती मिळत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळासाठीची छाटणी. खाण्याच्या शरद सीडलेसचा काळा मणी दाबून पाहिला, तर आतला गर फिकट हिरवाच निघतो, कारण सगळा रंग सालीत असतो. शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिनिऑं या वाइनच्या जातींचेही तसेच आहे. फक्त त्यांचे मणी लहान, साल जाड आणि आत बिया असतात, त्यामुळे रसाच्या मानाने साल आणि बी यांचे प्रमाण बरेच जास्त पडते. रेड वाइन साली-बियांसकट आंबवतात, आणि त्या काही दिवसांत सालीतला रंग तसेच साली-बियांतली तुरट द्रव्ये, म्हणजे टॅनिन, रसात उतरतात.

हा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा असतो. जांभळाच्या रसात लिंबू पिळले तर तो लाल होतो आणि खाण्याचा सोडा टाकला तर निळसर पडतो, ती करामत याच कुळातल्या द्रव्यांची. वाइनच्या आंबटपणाला यातले बरेचसे रेणू खरे तर रंगहीन रूपात असतात. तरीही ताजी रेड वाइन गडद जांभळी दिसते, याचे एक कारण असे की हे चपटे रेणू एकमेकांवर आणि शेजारच्या इतर द्रव्यांवर चवडीसारखे रचले जातात आणि त्या चवडीत पाण्यापासून वाचून रंगीत राहतात. ही रचना सैल असते. काही महिन्यांत ती मोडू लागते आणि सुटे अँथोसायनिन टॅनिनशी पक्क्या बंधाने जोडले जाते. या नव्या जोडरेणूंचा रंग विटकरी छटेकडे झुकतो, पण तो अधिक टिकाऊ असतो. पेला तिरपा धरल्यावर जुन्या वाइनच्या कडेला दिसणारी विटकरी झाक ती हीच, आणि माझ्या मते वाइनच्या वयाची याहून प्रामाणिक खूण दुसरी नाही.

टॅनिनची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. हिरडा किंवा कच्ची सुपारी चघळल्यावर तोंड कोरडे पडते, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवते आणि लाळेचा बुळबुळीतपणा नाहीसा होतो. टॅनिनच्या साखळ्या वयानुसार लांबत जातात, जड होऊन तळाशी बसतात आणि म्हणून वाइन मऊ होते, असे पूर्वी सरसकट सांगितले जाई. यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. वाइनच्या आंबट द्रवात या साखळ्या तुटतही असतात, आणि तुटलेल्या टोकाला कधी दुसरा टॅनिनचा तुकडा तर कधी रंगद्रव्याचा रेणू येऊन चिकटतो. अशा रीतीने बदललेले टॅनिन लाळेला पूर्वीइतके घट्ट धरत नाही.

या जोडणीत ऑक्सिजनचा वाटा मोठा आहे. लुई पाश्चर यांनी 1860 च्या दशकातच वाइन सीलबंद नळ्यांत ठेवून दाखवले होते की हवेचा संबंध येतो की नाही यावर तिचे मुरणे अवलंबून असते. ऑक्सिजनमुळे थोड्या अल्कोहोलचे अ‍ॅसिटाल्डिहाइड होते, आणि तो चिमुकला रेणू टॅनिन व रंगद्रव्य यांच्यामध्ये पुलासारखा बसतो. फ्रान्सच्या बोर्दो या वाइनप्रदेशात रूढ असलेल्या 225 लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपातून आणि पुढे बाटलीच्या बुचातून हवा अगदी थोडी थोडी आत येते. तीच हवा एकदम मिळाली, तर वाइन शिळी होते.

आता ब्लेंडकडे, म्हणजे वेगवेगळ्या जातींच्या वाइन मिसळण्याकडे वळू. बोर्दोत कॅबर्ने आणि मर्लो एकत्र करतात, ऑस्ट्रेलियात कॅबर्ने आणि शिराझ ही जोडी प्रसिद्ध आहे. एकीचे टॅनिन कणखर, दुसरीचा घोट भरीव, अशी जोडी वाइन करणारा चव घेऊन निवडतो. परंतु मिसळल्यावर त्या दोन वाइन एकाच भांड्यात शेजारी शेजारी म्हाताऱ्या होत नाहीत. एकीचे रंगद्रव्य दुसरीच्या टॅनिनला जाऊन बिलगते, आणि काही वर्षांनी बाटलीत असे रेणू असतात जे दोहोंपैकी एकटीत कधीच तयार झाले नसते. ब्लेंडचे खरे सौंदर्य मला यात दिसते. गंधातले काही घटक मात्र चिवट असतात: शिराझमध्ये मिरीची आठवण करून देणारा रोटुंडोन मिरीतही सापडतो, आणि कॅबर्नेतला ढोबळ्या मिरचीसारखा वासही बाटलीत सहसा जात नाही. ताज्या फळांचे वास तेवढे ओसरत जातात.

नाशिकच्या वाइनपुढे प्रश्न आहे तो उष्णतेचा. ऊन कडक असले की पिकत्या मण्यातले मॅलिक आम्ल लवकर जळते, आणि आंबटपणा घटला की रंग फिका पडतो व वाइन जंतूंपुढे दुबळी ठरते. म्हणून उष्ण प्रदेशांत रसात टार्टारिक आम्ल घालण्याची पद्धत आहे. साठवणीची काळजी तर त्याहून मोठी. वाइनला 12 ते 15 अंश सेल्सिअसची स्थिर जागा मानवते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांजवळ जातो. उष्णतेत सगळ्याच रासायनिक क्रिया वेग घेतात, पण सारख्या प्रमाणात नाही. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या फळीवर एक उन्हाळा काढलेली बाटली लवकर मुरलेली नसते, ती वेगळ्याच वाटेने बिघडलेली असते. अंधारी, गार जागा हवी, आणि लाकडी बूच असेल तर ते ओले राहावे म्हणून बाटली आडवी हवी.

बरीच वर्षे ठेवलेली बाटली उघडण्याआधी एक दिवस उभी करून ठेवावी. तळाशी जो गडद गाळ बसतो, त्यात टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे खडे असतात आणि टॅनिनला जोडले जाऊन जड झालेला, एकेकाळी सालीत असलेला रंग असतो. वाइन हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओतावी आणि गाळाची रेघ बाटलीच्या गळ्याशी पोहोचली की हात थांबवावा.