घरचा स्विमिंग पूल आणि लहान मुलं: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पूल ताब्यात देताना आम्ही पंप, फिल्टर, पाण्याची पातळी असं सगळं दाखवतो. नंतर फोन येतात तेही त्याबद्दलच: पाणी हिरवं का पडलं, टाइल्सवर पांढरा थर का धरला. सुरक्षिततेचा विषय काढला की बहुतेक जण म्हणतात, "मुलं पाण्यात असली की आमच्यापैकी कोणीतरी असतंच." ते तर हवंच. पण अगदी लहान मुलं घरच्या पूलमध्ये पडतात ती बऱ्याचदा पोहायची वेळ नसताना. घरात कामं चालू असतात, मागचं दार नुसतं लोटलेलं असतं, पाण्यावर काल विसरलेला चेंडू तरंगत असतो आणि मूल तो घ्यायला जातं. म्हणून आम्ही कुंपणापासून सुरुवात करतो.

कुंपण आणि फाटक

कुंपण चारही बाजूंनी हवं. तीन बाजूंना कुंपण आणि चौथीकडे घराची भिंत, अशी रचना पुष्कळांना आवडते. पण मग त्या भिंतीतलं दार हेच पूलचं फाटक होतं, आणि घराचं दार दिवसातून कितीदा उघडं राहतं ते तुम्हीच आठवून पाहा. कुंपणाची उंची निदान १.२ मीटर ठेवा. दोन गजांमधली आणि जमिनीलगतची फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी असावी. गज उभे घ्या. आडव्या पट्ट्यांवर पाय देऊन मूल सहज चढतं. कुंपणाला खेटून ठेवलेली खुर्ची किंवा मोठी कुंडी त्याला तेवढाच आधार देते, ती हलवा.

फाटक पूलच्या उलट दिशेला, म्हणजे बाहेर उघडणारं असावं. ते आपोआप मिटलं पाहिजे आणि कडीही आपोआप बसली पाहिजे. कडी जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर, लहान मुलाचा हात पोचणार नाही अशी. याची परीक्षा सोपी आहे. फाटक पूर्ण उघडून सोडलं की ते जोरात येऊन बहुधा बसतंच, त्यावर समाधान मानू नका. वीतभर उघडा आणि सोडून द्या. बिजागरीची स्प्रिंग सैल झाली असेल तर फाटक हळूहळू येतं, कडीला टेकतं आणि तिथेच थांबतं. लांबून ते बंद दिसतं, बोट लावलं की उघडतं. ही परीक्षा महिन्यातून एकदा करा आणि जोराच्या पावसानंतर पुन्हा करा, कारण खांब थोडा कलला तरी कडी खाचेत बसत नाही. फाटकाला वीट किंवा दोरी लावून ते उघडं ठेवू नका, पाहुणे आलेले असताना तर मुळीच नको.

लक्ष ठेवणं

बुडणारं मूल हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना ओरडायला श्वासच उरत नाही. हात हलवून कोणाला बोलावणंही जमत नाही. म्हणून "आवाज आला की जाऊ" या भरवशावर राहू नका. घरात दहा माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. एका मोठ्या माणसाचं नाव घेऊन जबाबदारी द्या, १५-२० मिनिटांनी पाळी बदला, आणि ज्याची पाळी त्याचा फोन दुसऱ्याकडे. लहान मूल पाण्यात असेल तर मोठ्याने त्याच्यापासून हाताच्या अंतरावर, पाण्यातच असावं. हवा भरलेले दंडपट्टे आणि रिंग ही खेळणी आहेत, जीव वाचवायची साधनं नाहीत. पोहून झालं की सगळी खेळणी पाण्यातून बाहेर काढा. आणि मूल घरात दिसेनासं झालं तर आधी पूल बघा, कपाटं आणि पलंगाखाली नंतर.

तळाची जाळी

या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. पंप तळाच्या मेन ड्रेनमधून, म्हणजे तळाला असलेल्या जाळीच्या तोंडातून, पाणी ओढतो. जाळी तुटलेली किंवा निघालेली असेल तर त्या ओढीत केस, पोहण्याच्या कपड्याची नाडी किंवा शरीराचा भाग अडकतो आणि मोठ्या माणसालाही तो ओढून सोडवता येत नाही. अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही ७ वर्षांची मुलगी हॉट टबच्या (गरम पाण्याच्या छोट्या कुंडाच्या) ड्रेनवर अशीच अडकून बुडून मरण पावली. तिला चांगलं पोहता येत होतं. तिच्या नावाने तिथे २००७ मध्ये ड्रेनच्या झाकणांबाबत कायदा झाला.

जाळी फुगीर आणि केस न अडकणाऱ्या बनावटीची असावी, तिचे सगळे स्क्रू जागेवर असावेत, बारीकशी चीरही नको. एका पंपाला एकमेकांपासून लांब असे दोन ड्रेन असले की एक झाकला गेला तरी ओढ दुसरीकडे वळते. जुन्या पूलला एकच ड्रेन असेल तर आम्हाला सांगा, त्यावर उपाय करता येतो. जाळी हलतेय असं दिसलं तर त्याच क्षणी पंप बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत कोणीही पाण्यात उतरू नका. पंपाचा स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं.

पाणी आणि औषधं

मोकळं क्लोरीन (जंतू मारायला पाण्यात शिल्लक असलेलं) १ ते ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १ ते ३ भाग, आणि पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवा. डोळे चुरचुरतात आणि क्लोरीनचा उग्र वास येतो तेव्हा क्लोरीन जास्त झालं असं वाटतं. बहुतेकदा घाम-लघवीशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा तो वास असतो. अंदाजाने काही करू नका, आधी किटने तपासा. पाणी इतकं स्वच्छ हवं की काठावरून तळाची जाळी स्पष्ट दिसेल. दिसत नसेल तर त्या दिवशी पोहणं बंद, कारण तळाशी गेलेलं मूलही दिसणार नाही.

ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू सुटतो. दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि ट्रायक्लोरच्या गोळ्या एकमेकांत मिसळल्या तर आग किंवा स्फोट होऊ शकतो, दोन्ही क्लोरीनच असली तरी. दोन्हींसाठी मापं वेगळी आणि कोरडी ठेवा. औषध नेहमी पाण्यात टाका, औषधावर पाणी ओतू नका. डबे कुलपात, मुलांच्या हाती लागणार नाहीत असे.

पूलच्या दिव्यांचं आणि पंपाचं वायरिंग ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (विजेची गळती झाली की पुरवठा आपोआप तोडणाऱ्या स्विचवर) असावं. त्याचं टेस्टचं बटण महिन्याला दाबून बघा. उथळ भागात सूर मारू देऊ नका.

कोणी बुडालंच तर

जवळ लांब काठी आणि दोरी बांधलेली रिंग कायम टांगलेली ठेवा. पोहता येत नसेल तर उडी न मारता काठी पुढे करा. बाहेर काढल्यावर श्वास चालत नसेल तर मुलाला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नका, त्यात मोलाची मिनिटं जातात. आधी तोंडाने श्वास द्या, मग ३० वेळा छाती दाबा आणि २ श्वास द्या, हे मदत येईपर्यंत चालू ठेवा. त्याच वेळी दुसऱ्याने रुग्णवाहिकेला फोन करावा. हे वाचून जमत नाही, म्हणून घरातल्या निदान दोघांनी त्याचं प्रशिक्षण घ्यावं. आणि मूल शुद्धीवर येऊन बोलायला लागलं तरी दवाखान्यात न्याच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.