ऐंशीच्या पुढे सूर लावणारी गाडी

गावात फिरताना गाडी गप्प असते. हायवेला लागून काटा ७०-८० वर गेला की एक बारीक, न तुटणारा सूर सुरू होतो. गॅरेजमध्ये नेली की पहिला बळी बहुधा व्हील बेअरिंगचा (चाक ज्यावर फिरतं त्या गोळ्यांच्या कड्याचा) जातो. पैसे जातात, सूर राहतो. आवाज कसा आहे याचं वर्णन प्रत्येक जण वेगळं करतो, त्यामुळे त्यावर फार विसंबू नये. तो कशाबरोबर बदलतो, हे शोधावं.

आधी रस्ता तपासा. काँक्रीटच्या रस्त्यांवर पकडीसाठी आडव्या खाचा मारतात. त्या समान अंतरावर असल्या तर धडधाकट टायरही गातो. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. खाचांमध्ये २५ मिमी अंतर असेल तर सेकंदाला जवळजवळ ८९० ठोके बसतात आणि कानाला तो सलग सूर वाटतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धीवर ऐकू येणारा आवाज डांबरी रस्त्यावर गायब झाला, तर गाडी उघडायची गरज नाही. आवाज वाऱ्याचाही असू शकतो. टपावर कॅरिअर असेल तर तो काढून एक फेरी मारा. दाराच्या फटींवर मास्किंग टेप लावून पाहायलाही दहाच मिनिटं लागतात.

आता सपाट, मोकळ्या रस्त्यावर ८० चा वेग धरा, एकदा पाचव्या गिअरमध्ये, एकदा चौथ्यात. चौथ्यात सूर चढला तर तो इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे. मग अल्टरनेटरचं बेअरिंग, बेल्टचा टेन्शनर, टर्बो यांच्याकडे बघा. हा सूर गाडी उभी असताना रेस देऊनही बहुधा ऐकू येतो. दोन्ही गिअरमध्ये सूर तोच राहिला तर मूळ चाकांच्या बाजूला आहे. मग क्लच दाबून गाडी घरंगळू द्या. त्या क्षणी सूर विरला तर गिअरच्या दातांवरच्या भाराचा मामला, म्हणजे गिअरबॉक्स किंवा डिफरन्शिअल (ताकद दोन्ही चाकांत वाटणारी गिअरची पेटी). तसाच राहिला तर टायर किंवा बेअरिंग. (ही चाचणी मॅन्युअल गिअरच्या गाडीसाठी. चावी मात्र बंद करू नका. स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांतच रिकामा होतो.)

टायर आणि बेअरिंग वेगळे करायला थोडं गणित कामी येतं. १८५/६५ आर १५ टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर, म्हणजे ८० च्या वेगाला चाक सेकंदाला ११.४ फेऱ्या मारतं. टायरवर घेराभोवती रबराचे ६५ ठोकळे असतील तर सूर साधारण ७४० हर्ट्झचा. मागच्या एक्सलच्या क्राउनला (डिफरन्शिअलमधल्या मोठ्या दातेरी चक्राला) ४१ दात असतील तर ४६७. आणि १३ गोळ्यांच्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर ओरखडा असेल तर गोळ्या त्यावरून सेकंदाला ६० वेळाच जातात. म्हणून खराब बेअरिंग सहसा शिट्टी वाजवत नाही, ते घरघरतं. मोबाइलवरचं स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप हे आकडे पकडतं. फक्त वेग जीपीएसचा घ्या, कारण गाडीचा काटा थोडा जास्तच दाखवतो.

टायर कंपन्या ठोकळे मुद्दाम लहानमोठे ठेवतात, म्हणजे आवाज एका सुरात न साचता विखुरतो. पण ठोकळ्यांची एक कड जास्त झिजली की करवतीच्या दात्यांसारखा आकार येतो आणि दबलेला आवाज वर येतो. तळहात टायरवरून दोन्ही दिशांनी फिरवा. एकीकडे गुळगुळीत आणि उलटीकडे बोचरं लागलं तर निदान झालं. फ्रंट-व्हील गाड्यांत हे मागच्या टायरवर जास्त दिसतं. बिघडलेलं टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) किंवा मेलेला शॉक ॲब्सॉर्बर हे नेहमीचं कारण. खात्रीसाठी पुढचे टायर मागे, मागचे पुढे करा. आवाजाची जागा बदलली तर बेअरिंगला हात लावू नका. अलाइनमेंट आणि शॉक नीट न करता नवे टायर टाकले तर तेही काही महिन्यांत गायला लागतात.

बेअरिंगसाठी वळणं उपयोगी. हलकं डावीकडे वळवलं की वजन उजव्या चाकांवर येतं. तेव्हा घरघर वाढली तर संशय उजवीकडे. मग गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा, चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट जाणवते. चाक वर-खाली धरून हलवल्यावर प्ले (ढिलेपणा) लागला नाही म्हणून बेअरिंग चांगलं, असं समजू नका. प्ले बराच उशिरा येतो.

नवं बेअरिंग महिन्यात घरघरायला लागलं, तर दोष बहुतेकदा बसवण्यात असतो. नकलमध्ये (बेअरिंग ज्यात बसतं त्या भागात) प्रेस करताना जोर बाहेरच्या रिंगवर, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) घालताना आतल्या रिंगला आधार, हा नियम. उलट केलं तर जोर गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या वाटेवर खळगे पडतात. हातोडा तर नकोच. एबीएसच्या गाडीत बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय रिंग असते, ती सेन्सरकडेच हवी; उलटी बसली तर एबीएसचा दिवा लागतो. एक्सल नट नवा घ्या, मॅन्युअलमधल्या टॉर्कने टॉर्क रेंचवर आवळा आणि तोवर त्या चाकावर गाडीचं वजन येऊ देऊ नका.

इंजिनाची ताकद मागच्या एक्सलला जाणाऱ्या गाड्यांत सूर ॲक्सिलरेटर दाबला की येतो आणि पाय काढला की जातो, किंवा उलट, तर क्राउन-पिनियन (पिनियन म्हणजे क्राउनला फिरवणारं छोटं दातेरी चक्र) पाहा. आधी डिफरन्शिअलचा फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) उघडून बोट घाला. ऑइल भोकाच्या काठापर्यंत हवं. ऑइल काढल्यावर चुंबकी प्लगवर बारीक करडा चिखल चालतो, चपट्या कपच्या मात्र चालत नाहीत. दात बदलायचे तर क्राउन आणि पिनियन जोडीनेच, कारण कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. सेटिंग करताना दातांना रंग लावून ठसा बघणारा मिस्त्री शोधा. बॅकलॅश (दोन चक्रांच्या दातांमधली मोकळीक) बहुधा ०.१ ते ०.२ मिमी असतो आणि डायल गेजशिवाय तो मोजता येत नाही.