चिलखती युद्धनौका (अमेरिकन यादवी युद्ध)

लाकडी किंवा लोखंडी सांगाड्यावर जाड लोखंडी पत्र्यांचे कवच चढवलेली, वाफेवर चालणारी युद्धनौका. फ्रान्सची ‘ग्लुआर’ (१८५९) आणि ब्रिटनची ‘वॉरियर’ (१८६०) ही जहाजे आधीच पाण्यात उतरली होती. पण चिलखती नौका एकमेकींशी पहिल्यांदा भिडल्या त्या अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५).

उत्तरेच्या (संघराज्याच्या) आरमाराने दक्षिणेच्या (फुटून निघालेल्या राज्यांच्या) बंदरांची नाकेबंदी केली होती. ती फोडायला दक्षिणेकडे पुरेशी जहाजे नव्हती. एप्रिल १८६१ मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या नॉरफकची गोदी सोडताना उत्तरेच्या सैनिकांनी ‘मेरिमॅक’ ही आपलीच वाफेची युद्धनौका जाळून बुडवली. दक्षिणेने तिचा सांगाडा वर काढला, त्यावर उतरत्या छपरासारखा लाकडी कोठा बांधला आणि त्याला एकूण ४ इंच जाडीचे लोखंड ठोकले. हीच ‘व्हर्जिनिया’. तिला उत्तर म्हणून जन्माने स्वीडिश असलेले अभियंते जॉन एरिक्सन यांनी ब्रुकलिनमध्ये ‘मॉनिटर’ बांधली. पाण्याच्या जेमतेम वर राहणारी सपाट डेक आणि तिच्यावर दोन तोफांचा फिरता बुरूज, अशी तिची रचना होती. सांगाड्याची पायाभरणी झाल्यापासून सुमारे शंभर दिवसांत ती पाण्यात उतरली.

८ मार्च १८६२ रोजी हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत ‘व्हर्जिनिया’ने उत्तरेच्या दोन लाकडी युद्धनौकांपैकी ‘कंबरलँड’ला धडक देऊन बुडवले आणि ‘काँग्रेस’ पेटवून दिली. दोन्ही जहाजांवरचे मिळून दोनशेहून अधिक खलाशी मेले. त्याच रात्री ‘मॉनिटर’ येऊन पोहोचली. दुसऱ्या दिवशी काही तास दोघी अगदी जवळून एकमेकींवर मारा करत राहिल्या, तरी कुणीच बुडाली नाही.

‘मॉनिटर’च्या बुरुजात माणसांचे काय हाल झाले असतील, हे समजून घेण्यासारखे आहे. आत १९ जण, धूर आणि गोळ्यांचे कानठळ्या बसवणारे दणके. चालककक्षाशी बोलण्याची नळी लवकरच निकामी झाली, म्हणून निरोप माणसे धावत पोहोचवत. बुरूज एकदा फिरू लागला की नेमका थांबवणे कठीण, त्यामुळे तो फिरत असतानाच तोफा डागल्या जात. तोफाच फुटतील या भीतीने त्यांत निम्मीच दारू भरण्याचा हुकूम होता. पूर्ण भरली असती तर ‘व्हर्जिनिया’चे कवच फुटले असते, असे अनेकांना नंतर वाटले.

मे महिन्यात ‘व्हर्जिनिया’ तिच्याच खलाशांनी उडवून दिली. डिसेंबरअखेर ‘मॉनिटर’ केप हॅटरसजवळ वादळात बुडाली. पश्चिमेत, मिसिसिपीच्या खोऱ्यात, जेम्स ईड्स यांच्या उथळ बुडाच्या चिलखती नौकांनी फोर्ट हेन्रीसारखे किल्ले पाडायला हातभार लावला.

‘मॉनिटर’च्या नावावरून फिरत्या बुरुजाच्या, ठेंगण्या नौकांना ‘मॉनिटर’ म्हणू लागले. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी ब्रिटनमध्ये बांधलेल्या ‘अ‍ॅबिसिनिया’ आणि ‘मगदाला’ (दोन्ही १८७०) याच कुळातल्या.