उपटलेला दात दुसऱ्याच्या कवळीत जातो का?

‘डॉक्टर उपटलेला दात ठेवून घेतात अन् दुसऱ्याच्या कवळीत बसवतात.’ आमच्याकडे हा मेसेज फिरतो. शंका साहजिक आहे, कारण काही ठिकाणी बरणीत साठवलेले दात खरंच दिसतात. ते असतात डेंटल कॉलेजच्या मुलांसाठी. कीड कोरणं, रूट कॅनाल करणं ती आधी यांच्यावर शिकतात. वाळला की दात ठिसूळ होतो, म्हणून ओलाच ठेवतात. वापरण्याआधी १२१ अंशांच्या वाफेत ४० मिनिटं निर्जंतुक करतात. चांदी (म्हणजे पारा मिसळलेला धातू) भरलेला मात्र नाही, तापवला की त्यातून पाऱ्याची वाफ निघते. तो दोन आठवडे फॉर्मेलिन या जंतुनाशक द्रवात ठेवतात.

आजीची कवळी धुताना नीट पाहा. दातांना मुळंच नाहीत, सगळे कृत्रिम, बहुतेक ॲक्रेलिकचे, म्हणजे एका प्लास्टिकचे. आणि आपला दात हवाच असेल तर डॉक्टरांना तिथंच मागा.