बचत गटाची वही आणि ब्लॉकचेन

आईच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला आमच्या ओसरीवर भरायची. पैसे मोजून झाले की सचिव काकू वही उघडून मोठ्याने वाचायच्या, कुणाची बचत किती, कुणाचा हप्ता किती, आणि बाकीच्या बायका आपापल्या पासबुकातले आकडे ताडून बघायच्या. एकदा वही आणि एका काकूंचं पासबुक यांत पन्नास रुपयांचा फरक निघाला. लबाडी कुणाचीच नव्हती, उतरवताना चूक झाली होती. पण ती सापडली, कारण बारा जणींकडे बारा पासबुकं होती. वही एकटीच असती, तर वहीत लिहिलंय तेच खरं मानून सगळ्या घरी गेल्या असत्या.

ब्लॉकचेन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बिटकॉइनचा वरखाली होणारा भाव येतो. मला ती वही आठवते. आपला बहुतेक व्यवहार कुणा एकाने सांभाळलेल्या वहीवर चालतो. बँकेचं खातं, सोसायटीचा हिशेब, जमिनीची नोंद, सगळीकडे वही सांभाळणारा एक असतो आणि आपण त्याच्यावर विसंबतो. तो सांभाळणाराच नसेल, तर एकमेकांना न ओळखणारी हजारो माणसं एकच हिशेब कसा ठेवतील? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ब्लॉकचेन, आणि ते समजायला कागद-पेन्सिल पुरते.

वहीच्या प्रत्येक पानाखाली एक शिक्का मारायचा असं ठरवू. शिक्का म्हणजे तीन अंकी आकडा. नियम असा: मागच्या पानाचा शिक्का आणि या पानावरची रक्कम यांची बेरीज करा, तिला ७३ ने गुणा आणि उत्तराचे शेवटचे तीन अंक लिहा. पहिल्या पानावर ४५० रुपये जमा आहेत, मागे पान नाही. ४५० गुणिले ७३ म्हणजे ३२,८५०, शिक्का ८५०. दुसऱ्या पानावर ६२० रुपये. ८५० अधिक ६२० म्हणजे १,४७०, गुणिले ७३ म्हणजे १,०७,३१०, शिक्का ३१०. तिसऱ्या पानावर ३८५ रुपये, तसंच करत गेलं की शिक्का येतो ७३५.

आता कुणीतरी रात्री पहिल्या पानावरच्या ४५० चे ४०० केले. त्या पानाचा शिक्का ८५० चा २०० होतो. दुसऱ्या पानाच्या हिशेबात पहिल्याचा शिक्का धरलेला आहे, म्हणून तिथे ३१० च्या जागी ८६० येतं, आणि तिसऱ्या पानावर ७३५ च्या जागी ८८५. दुसऱ्या-तिसऱ्या पानांना हातही न लावता त्यांचे शिक्के बिघडले. शेवटचा एक शिक्का लक्षात ठेवला, तरी मागची सगळी पानं त्याच्या पहाऱ्यात येतात. पान म्हणजे ब्लॉक, शिक्का म्हणजे हॅश, आणि शिक्क्यांनी एकमेकांत गुंफलेली पानं म्हणजे ब्लॉकचेन.

आपला शिक्का अर्थातच कच्चा आहे. तीन अंकांत हजारच शक्यता, आणि तोच शिक्का देणारी दुसरी रक्कम पाच मिनिटांत शोधता येते. बिटकॉइनमध्ये वापरतात त्या शा-२५६ या पद्धतीत शक्यतांची संख्या लिहायची तर ७८ अंक लागतात. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी शिक्का ओळखू न येण्याइतका बदलतो, आणि शिक्क्यावरून मूळ मजकुराकडे परत जाण्याची वाट आजवर कुणाला सापडलेली नाही.

पण वही ज्याच्या हातात, तो सगळेच शिक्के नव्याने मारून मोकळा झाला तर? स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा हे अमेरिकेतल्या बेलकोर प्रयोगशाळेतले दोन संशोधक नेमके या अडचणीशी झगडत होते. संगणकातल्या कागदपत्राची तारीख मागेपुढे करता येऊ नये, म्हणून त्यांनी १९९१ मध्ये शिक्क्यांच्या साखळीची पद्धत मांडली. पुढे १९९५ पासून त्यांच्या कंपनीने काय केलं, तर आठवड्याभराच्या सगळ्या कागदपत्रांचा मिळून एक शिक्का न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत, हरवलं-सापडलंच्या सदरात छापायला सुरुवात केली. पेपर लाखो घरांत जातो. नंतर शिक्का बदलायचा तर ते सगळे अंक गोळा करून जाळावे लागतील. त्या घरांतल्या कुणाला माहीतही नव्हतं की आपल्याकडे एका मोठ्या वहीचं पासबुक येतंय. मला ही या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने बिटकॉइनची कल्पना मांडणारं नऊ पानी टिपण प्रसिद्ध झालं. हे नाव कुणाचं, ते अजून उघड झालेलं नाही. टिपणाच्या शेवटी आठ संदर्भ आहेत आणि त्यांतले तीन हेबर-स्टॉर्नेटांच्या कामाचे. नाकामोतोने भर घातली ती पुढच्या प्रश्नावर. वहीची प्रत सगळ्यांकडे आहे हे ठीक, पण नवं पान लिहायचं कुणी? मतदान घेतलं तर एकच माणूस हजार खोटी नावं घेऊन येईल.

उपाय म्हणजे पान लिहिणं महाग करायचं. आपल्या वहीत नवा नियम घालू: शिक्का शून्याने सुरू झाला तरच पान चालेल, आणि त्यासाठी बेरजेत एक जादा आकडा मिसळायची मुभा आहे. पहिलं पान घेऊ. ० मिसळला तर शिक्का ८५०, १ मिसळला तर ९२३, २ मिसळला तर ९९६, ३ मिसळला तर ०६९. सापडला! चार प्रयत्न लागले, पण तपासणाऱ्याला एकच गुणाकार करावा लागतो. दोन शून्यं मागितली तर सरासरी दहापट मेहनत, तीन मागितली तर शंभरपट. शा-२५६ मध्ये गणित उलट सोडवता येत नाही, म्हणून एकेक आकडा घालून बघणं एवढाच मार्ग उरतो. यालाच मायनिंग म्हणतात. बिटकॉइनचं जाळं दर २,०१६ पानांनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, कोड्याची कठीणता जुळवून घेतं, म्हणजे नवं पान सरासरी दहा मिनिटांनीच यावं. कोडं सोडवणाऱ्याला नवी नाणी मिळतात. सुरुवातीला एका पानामागे ५० होती, एप्रिल २०२४ पासून ३.१२५ आहेत.

जुन्या पानात फेरफार करायचा, तर ते पान आणि त्यानंतरचं प्रत्येक पान पुन्हा कोडं सोडवून लिहावं लागेल, तेही बाकीचं जग पुढची पानं लिहीत असताना. सगळ्या जाळ्यातली निम्म्याहून जास्त ताकद एका हाती असल्याशिवाय ही शर्यत भरवशाने जिंकता येत नाही. ३ जानेवारी २००९ रोजी लिहिलेल्या बिटकॉइनच्या पहिल्या पानात त्या दिवशीच्या लंडनच्या टाइम्समधला मथळा गोवलेला आहे, बुडत्या बँकांना सरकार पुन्हा हात देणार अशा अर्थाचा. तो आजही जगभरच्या प्रतींमध्ये जसाच्या तसा आहे.

इथवर आपण फक्त वही पाहिली. वहीत नियमही लिहून ठेवले आणि ते आपोआप पाळले गेले, तर? व्हिटालिक ब्युटेरिन या एकोणीस वर्षांच्या मुलाने २०१३ च्या अखेरीस हा विचार मांडला आणि ३० जुलै २०१५ रोजी इथेरियम सुरू झालं. तिथे साखळीवर छोटे प्रोग्रॅम ठेवता येतात. त्यांना स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. अशा प्रोग्रॅमचं स्वतःचं खातं असतं. कुणी व्यवहार पाठवला की जाळ्यातला प्रत्येक संगणक तो प्रोग्रॅम चालवून बघतो आणि सगळ्यांचं उत्तर एकच यावं लागतं. विकेंद्रित ॲप्लिकेशनं, म्हणजे कुणा एकाच्या ताब्यात नसलेली, उभी राहतात ती यावर.

आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ, भिशीचं. बारा जणी, दर महिन्याला प्रत्येकीचे हजार रुपये, चिठ्ठी निघेल तिला बारा हजार. आज हे सगळं भिशी चालवणाऱ्या बाईच्या सचोटीवर चालतं. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये पैसे तिच्याकडे जाणारच नाहीत, प्रोग्रॅमच्या खात्यात जातील. बारा हप्ते जमले की चिठ्ठी निघेल, पैसे विजेतीच्या खात्यात पडतील, आणि तिचं नाव पुढच्या चिठ्ठीतून वगळलं जाईल.

पण चिठ्ठी काढणार कशी? सगळ्या संगणकांचं उत्तर एकच यायला हवं म्हटल्यावर तिथे नशिबाला जागा नाही. इथे तोच शिक्का पुन्हा कामाला येतो. प्रत्येकीने मनात एक लांबलचक आकडा धरायचा आणि त्याचा फक्त शिक्का जाहीर करायचा. बाराही शिक्के आले की मगच आकडे उघड करायचे. शिक्का आधीच दिलेला असल्याने आता आकडा बदलता येत नाही. बाराही आकड्यांची बेरीज करून तिला बाराने भागायचं, बाकी उरेल त्या क्रमांकाची बाई विजेती, शून्य उरलं तर बारावी. आकडा छोटा घेतला तर कुणीही सगळे आकडे करून बघून शिक्क्यावरून तो ओळखेल, म्हणून तो लांबलचक हवा. यातही एक फट राहते. शेवटी आकडा उघडणारीला निकाल आधी कळतो, आणि तो सोयीचा नसेल तर ती गप्प बसू शकते. म्हणून आधीच अनामत घ्यायची आणि गप्प बसणारीची अनामत जप्त करायची.

खरी अडचण त्यापुढे आहे. दुसऱ्याच महिन्यात जिला चिठ्ठी लागली, तिने तिसऱ्या महिन्यापासून हप्ताच भरला नाही, तर प्रोग्रॅम तिच्या दारात जाऊन बसू शकत नाही. त्याला कळतो फक्त पैसा, म्हणून तो आधी तारण मागतो. इथेरियमवरच्या मोठ्या कर्जसेवांमध्ये कर्जापेक्षा जास्त तारण ठेवावं लागतं, ते याच कारणाने. आईच्या गटात एकीचे दोन हप्ते चुकले, तेव्हा चौघी तिच्या घरी गेल्या. नवरा दवाखान्यात होता. त्यांनी तिला तीन महिने सवलत दिली आणि तिने नंतर पै न पै फेडली. आगाऊ तारण देऊ शकणाऱ्या बाईला मुळात भिशीची गरज फार कमी असते. विकेंद्रित ॲप्लिकेशनांबद्दल भरभरून बोललं जातं तेव्हा ही गोष्ट सुटून जाते, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते.

प्रोग्रॅम लिहिणारी माणसंच, तेव्हा चुका आल्याच. २०१६ मध्ये इथेरियमवर द डाओ नावाचा सामायिक निधी उभा राहिला. त्याचा प्रोग्रॅम पैसे आधी द्यायचा आणि खात्यातून वजा नंतर करायचा. रोखपालाने नोंद करण्याआधीच नोटा हातात दिल्या आणि तोच माणूस लगेच पुन्हा खिडकीशी आला, तर शिल्लक अजून तेवढीच दिसणार. १७ जून २०१६ रोजी कुणीतरी हेच वारंवार करून सुमारे ३६ लाख इथर, म्हणजे इथेरियमची नाणी, काढून घेतले. महिनाभर वाद झाला आणि २० जुलैला बहुसंख्यांनी नियम बदलून पैसे परत मिळवले. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी जुनी साखळी तशीच पुढे नेली, ती इथेरियम क्लासिक नावाने अजून चालू आहे. मला दोन्ही बाजूंचं म्हणणं समजतं.

सगळ्यांनी सगळं तपासायचं म्हणजे वेग जातो. बिटकॉइनची झेप सेकंदाला सातेक व्यवहारांची. आपल्या यूपीआयने ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याला २,००० कोटी व्यवहार ओलांडले, म्हणजे सेकंदाला सरासरी सात हजारांहून जास्त. यूपीआयला ब्लॉकचेनची गरज नाही, कारण तिथे मधल्या संस्थेवर सगळ्यांनी भरवसा ठेवलेला आहे. कोडी सोडवण्यात जाणाऱ्या विजेचा प्रश्न मात्र बराचसा सुटू शकतो. इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी कोडी सोडवणं बंद करून, ३२ इथर अनामत ठेवणाऱ्यांकडे पानं लिहिण्याचं काम सोपवलं आणि विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. लबाडी केली तर अनामत कापली जाते.

मग हे तंत्र शोभतं कुठे? जिथे अनेकांना एकच नोंद लागते आणि कुणा एकाच्या हाती वही द्यायला बाकीचे तयार नसतात, तिथे. तुमच्या फोनवर येणारे ओटीपी आणि जाहिरातींचे एसएमएस भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार अशाच सामायिक नोंदवहीतून तपासले जातात, फक्त ती वही दूरसंचार कंपन्यांपुरती आहे. ८ मार्च २०२१ ला तपासणी कडक केली तेव्हा देशभर ओटीपी अडले आणि ट्रायला ती काही दिवस थांबवावी लागली होती. गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉन या साखळीशी जोडायचं काम हाती घेतलं गेलं. अशा पद्धतीत साखळीवर दाखल्याचा शिक्का असला तरी पुरतं. कॉलेजने हातातल्या दाखल्याचा शिक्का काढून तो साखळीवरच्याशी ताडला, की बनावट कागद तिथल्या तिथे उघडा पडतो.

सातबाराही ब्लॉकचेनवर आणा, असं अनेकदा सुचवलं जातं. खरं तर सातबाऱ्यात साखळीचा विचार आधीपासून आहे. जुन्या खातेदाराचं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात, आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात, म्हणजे मागे मागे जाता येतं. साखळीमुळे हा माग गुपचूप पुसता येणार नाही, हा फायदा नक्की आहे. पण वारसांची नोंद होताना बहिणीचं नाव मुळात सांगितलंच गेलं नाही, तर ते वगळणंही साखळी तितक्याच इमानाने जपेल. तिने पुढे हक्क मागितला आणि नवा फेरफार मंजूर झाला, तर तिला कधी वगळलं आणि कधी घेतलं, या दोन्ही तारखा कुणालाही पुसता येणार नाहीत.